वीतभर पाणी

नोकरीत तुम्ही नेमकं काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, पाण्याकडं बघत होतो. लोक हसतात. पण खरंच, नोकरीतली शेवटची बावीस वर्षं मी रोज सकाळी आठ वाजता तलावाच्या पायऱ्या उतरलो, पाण्याकडं बघितलं आणि वहीत एक आकडा लिहिला. पगार मला त्याचाच मिळायचा. हुद्दा चौकीदाराचा, काम पाणी मोजायचं.

आमचा तलाव म्हणजे काही सिद्धेश्वर धरण नव्हे. सिद्धेश्वरला लोक डबे घेऊन जातात, फोटो काढतात. आमच्याकडं औंढा आणि कळमनुरीच्या मधल्या माळावर मातीची एक पाळ, एक दरवाजा, एक कालवा आणि पाळीच्या टोकाला एका खोलीचं क्वार्टर. बायको-लेकरं शिरड शहापूरला. बायको एकदा चार दिवस राहायला आली होती. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून म्हणाली, ‘‘इथं बोलायला कोण हाय वो? ते पक्षी बी मुके हाईत.’’ ती गेली आणि पुन्हा कधी मुक्कामाला आली नाही. तिचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही.

पाणी मोजणं सोपं वाटतं. पायऱ्यांच्या कडेला सिमेंटात रोवलेली काळ्या-पांढऱ्या खुणांची मोजपट्टी असते, पाणी जिथं टेकलं तो आकडा वाचायचा. पण पाणी टेकून राहत नाही. वारा असला की लाट खुणेच्या वर जाते, मग खाली येते. नवा माणूस लाटेचा माथा वाचतो आणि तलाव भरल्याचं कळवून मोकळा होतो. खाली बसायचं, लाटा येऊ-जाऊ द्यायच्या, माथा आणि तळ यांच्या मधला आकडा पकडायचा. त्या आकड्यावर कालव्याचा दरवाजा उघडायचा की लावायचा, हे तालुक्याला बसून साहेब ठरवायचे. पाण्याची वही मी कधी खोटी लिहिली नाही, असं मला इथं लिहायला फार आवडलं असतं.

तलावाच्या वरच्या अंगाला, ओढा येऊन मिळतो तिथं, पाण्यात बाभळींचं बन आहे. दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंत झाडांचे बुंधे पाण्यात असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. रान कसं, वेडंवाकडं उगवतं. हे बन ओळीत होतं. एक ओळ सरळ ओढ्याकडं, तिला काटकोनात दुसरी, पुन्हा तिसरी. पाण्यात कुणी रांगोळीच्या रेषा ओढाव्यात तसं.

त्याचा उलगडा रज्जाकभाईंनी केला. तलाव झाला तेव्हा ज्यांची शेतं बुडाली, त्यांपैकी एक यांचं घराणं. मोबदला घेऊन बाकीचे कुठं कुठं गेले, हे मात्र वरच्या गावातच राहिले. पाणी उतरायला लागलं की काठची गाळाची जमीन उघडी पडते आणि ती एका हंगामापुरती, ज्यांची शेती बुडाली त्यांना आधी, कसायला मिळते. तिला गाळपेर म्हणतात. रज्जाकभाई आपल्या बापाच्या बुडालेल्या वावरावरच गाळपेर धरायचे आणि टरबुजं लावायचे.

‘‘ओळी कशाच्या म्हंता? हे धुरे हाईत, मारोतराव,’’ ते म्हणाले. धुरा म्हणजे शेताचा बांध. ‘‘ही लांब वळ हाय ना, तिच्या अलीकडं आमी, पलीकडं खंडू. धुऱ्यावरचं झाड दोघांचं असतंय. एकट्यानं तोडायचं न्हाई.’’

‘‘पण खंडू तर पुण्याला गेला ना?’’

‘‘गेला. म्हणूनच तोडायचं न्हाई. इचारायचं कुणाला?’’

खंडूच्या आणि यांच्या बापांचा त्या धुऱ्यावरून कोर्टात दावा चालला होता. निकाल लागायच्या आधी पाणी आलं. वावर गेलं, दावा गेला, धुरा तेवढा राहिला. चिखलात उगवलेली बाभळीची रोपं मधल्या वावरात दरसाल नांगराखाली जायची. धुऱ्यावर नांगर वळायचा, म्हणून तिथली वाढली. भाऊबंदकीनं घरं मोडलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. भाऊबंदकीनं उभं राहिलेलं रान एवढं एकच पाहिलं.

आणि त्या रानात काय नव्हतं! बुंध्यांच्या मुळ्यांत मरळ मासा आपली लालसर पिल्लं घेऊन फिरायचा. फांद्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसायचे, बगळे, चपट्या चोचीचे चमचे, खाली दिवड साप, ओंडक्यावर कासवं. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठच्या लव्हाळ्यात रानमांजरीची पिल्लं दिसायची. पण बनाचे मालक म्हणजे ढोक. पुस्तकात त्यांना चित्रबलाक म्हणतात. पिवळी चोच, शेपटीजवळ गुलाबी रंग. दिवाळीच्या सुमाराला यायचे आणि एकेका बाभळीवर दाटीवाटीनं घरटी बांधायचे. बायको म्हणाली ते खरं, हा पक्षी मुका. चोचीवर चोच आपटून टाळ्या वाजवल्यासारखा आवाज काढतो, तेवढाच. पहाटे त्या टाळ्या क्वार्टरपर्यंत ऐकू यायच्या आणि मी उठायचो. गजराचं घड्याळ मी कधी घेतलं नाही.

एकदा एक फोटोवाला आला, हातभर लांबीचा कॅमेरा घेऊन. सगळे पक्षी एकदम उडालेले पाहिजेत म्हणाला, एक फटाका फोडू का? मी म्हटलं, माझ्या कानाशी फोडा, मी उडून दाखवतो. तो रागावून गेला. अशी मौज क्वचित व्हायची. एरवी दिवसचे दिवस मी तोंड उघडायचो ते फोनवर आकडा सांगायला आणि रज्जाकभाईंशी बोलायला.

रज्जाकभाई रोज सकाळी यायचे. मी आकडा लिहून वर येईपर्यंत ते ओट्यावर बसलेले असायचे. चहा मी करायचो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘पट्टी कुठवर आली?’’ मी आकडा सांगायचो. मग ते डोळ्यांवर हात धरून बनाकडं बघायचे. तिथं त्यांच्या आजोबाची मोटेची विहीर होती, तिचा दगडी काठ चांगला उंच बांधलेला. पाणी उतरू लागलं की त्या काठाचे दगडाचे थर एकेक करून बाहेर यायचे. एक थर म्हणजे बरोबर एक वीत. किती थर उघडे ते मोजून ते माझ्या आकड्याशी ताडून बघायचे आणि म्हणायचे, ‘‘बराबर.’’ मग चहाचा घोट. इतकी वर्षं साहेबांनी माझ्या वहीवर सह्या केल्या, पण मला खरी वाटायची ती तपासणी हीच.

आता त्या वर्षाकडं येतो.

त्याच्या आधी एकदा दुष्काळात पाणी संक्रांतीलाच बनाखालून सरकलं होतं. घरट्यांत पिल्लं होती. ढोकांच्या पिल्लाला उडायला दोन-अडीच महिने लागतात, तोवर झाडाखालचं पाणी हीच त्यांची कुंपणभिंत. वीतभर पाणी असलं तरी पुरतं, कारण खाली मांडीभर चिखल असतो आणि कुत्रं-कोल्हं त्यात उतरत नाही. पाणी हटलं आणि चिखल वाळला की वाट मोकळी होते. त्या साली आधी कुत्री आली, मग कोल्हे. घरट्यातलं पिल्लू धडपडून खाली पडायचं, नाहीतर खाली आवाज झाला की घाबरून उडी मारायचं. मोठे ढोक वरून नुसत्या चोची वाजवायचे. मी काठी घेऊन दोन दिवस धावलो. तिसऱ्या दिवशी पहाटे टाळ्या वाजल्या नाहीत आणि मी झोपून राहिलो. आकडा लिहायला उशीर झाला, तो त्या एकाच दिवशी. मला रडू आलं होतं, आणि रडताना आपल्याला कुणी बघत नाही याचंही वाईट वाटलं होतं.

पुढं काही वर्षांनी पाऊस लांबला. पाणी बरं होतं, पण ढोक महिना-दीड महिना उशिरा आले. शिवरात्र जवळ आली तरी पिल्लांच्या अंगावर अजून कापूसच. कालव्यातून रब्बीला पाणी द्यायची शेवटची पाळी चालू होती. नियम असा, की पाणी पट्टीवरच्या एका तांबड्या खुणेला टेकलं की दरवाजा लावायचा आणि उरलेलं पिण्यासाठी राखायचं. योगायोग असा, की ती तांबडी खूण आणि रज्जाकभाईंच्या विहिरीचा शेवटचा थर एकाच पातळीत. खुणेला पाणी आलं म्हणजे विहीर पूर्ण उघडी, वावर उघडं आणि बनही कोरडं.

रज्जाकभाई त्याच दिवसाची वाट बघत होते. बाजारातल्या हॉटेलांतून त्यांनी चहाचे वापरलेले कागदी कप गोळा केले होते. त्यांत गाळाची माती भरून टरबुजाचं बी टोचलं होतं. वावर उघडलं की तयार रोपंच लावायची, म्हणजे पंधरा दिवस वाचतात. घरी शेळ्यांचं भेव, म्हणून ते सगळे कप त्यांनी माझ्या ओट्यावर आणून ओळीनं मांडले होते. ‘‘तुमच्या राखणीत हाईत,’’ म्हणाले. मी रोज तांब्यानं त्यांना पाणी घालायचो. दोन पानं, मग तिसरं. एकट्या माणसाला एवढंही पुष्कळ असतं.

पाणी खुणेपासून वीतभर वर असताना, एका सकाळी मी पायरीवर बसलो. वारा अजिबात नव्हता, आकडा स्वच्छ दिसत होता. बनातून टाळ्या ऐकू येत होत्या. मी वर आलो आणि वहीत वीतभर कमी लिहिलं. फोनवर तेच सांगितलं. दुपारी निरोप आला, दरवाजा लावा. मी माझ्याच हातानं चाक फिरवून लावला.

कालव्याच्या शेपटाकडच्या गव्हाला त्यामुळं शेवटचं पाणी पोचलं नाही. दाणा बारीक राहिला. त्या लोकांची तोंडं मी पाहिलेली नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिणं मला सोपं जातं, हेही मी जाणतो.

रज्जाकभाई त्या दिवशी बाजाराला गेले होते, दुसऱ्या दिवशी आले. ‘‘पट्टी कुठवर आली?’’

मी वहीतला आकडा सांगितला. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

‘‘एक थर पाण्यात हाय अजून,’’ ते म्हणाले.

‘‘पट्टी हलली असंल.’’

‘‘पट्टी शिमिटात हाय, मारोतराव.’’

चहा उतू गेला, तो पुसत बसलो. त्यांनी चहा घेतला, कप ठेवला आणि गेले. ‘बराबर’ म्हणाले नाहीत.

मी त्यांना खरं का सांगितलं नाही? पुष्कळ कारणं मी स्वतःला देत आलो. नोकरी गेली असती. दोघांना ठाऊक झालेली गोष्ट गावाला ठाऊक होते. पण आतलं कारण असं, की ते ‘नको’ म्हणतील अशी मला भीती होती, आणि ते ‘नको’ म्हणाले असते तर माझ्याच्यानं ते झालं नसतं. म्हणून विचारलंच नाही.

दरवाजा बंद झाल्यावर पाणी उतरतं ते उन्हानं, रोज नखाएवढं. खोटं एकदा लिहिलं की ते रोज सांभाळावं लागतं. खरं पाणी हळूहळू खाली येत होतं आणि मी वहीतला आकडा जवळजवळ तिथंच धरून बसलो होतो, खऱ्यानं खोट्याला गाठावं म्हणून. वहीवर सही करायला आलेल्या साहेबांनी एकदा, पायऱ्या न उतरताच, विचारलंही, तुमच्याकडं पाणी उन्हानं कमी कसं होत नाही? मी म्हटलं, यंदा थंडी लांबली. ते ‘हं’ म्हणाले. उन्हात त्यांच्या कपाळावर घाम होता.

ओट्यावर रोपं वाढत होती. कप पुरेना. मुळ्या कागद फाडून बाहेर आल्या, वेल एकमेकांत गुंतले, आणि एका सकाळी एका कपात पिवळं फूल आलं. मुठीएवढ्या मातीत फूल. मी पाणी घालत राहिलो, दुसरं काय करणार? पानं पिवळी पडायला लागली तेव्हा रज्जाकभाई आले, तेही मी पायऱ्यांवर असताना. वर येऊन बघतो तर ओटा झाडून स्वच्छ केलेला. कप सगळे नेलेले. कोपऱ्यातली केरसुणीसुद्धा जागेवर उभी करून ठेवली होती.

होळीच्या पुढं-मागं पिल्लं उडाली. आधी फांदीवरून फांदीवर, मग एका दुपारी पाण्यावरून एक मोठा वेढा घेऊन परत. मी पाळीवर उभा राहून बघितलं. फार आनंद झाला, आणि तो सांगायला शेजारी माणूस नव्हतं. गुढीपाडव्याला खऱ्या पाण्यानं खोट्या आकड्याला गाठलं. त्या दिवशी माझी वही पुन्हा खरी झाली. वावर उघडलं तेव्हा टरबुजाचा हंगाम टळला होता. रज्जाकभाईंनी त्यात शेळ्या चारल्या.

आकडा जुळला नाही त्या सकाळनंतर ते चहाला आले नाहीत. भांडण झालं नाही, त्यांनी कुणाजवळ एक अक्षर काढलं नाही. वाटेत भेटलो तर सलाम व्हायचा, ‘तब्येत बरी ना’ व्हायचं. पण सकाळी मी आकडा लिहून वर यायचो आणि ओटा रिकामा असायचा. सवयीनं काही दिवस मी दोन कप चहा टाकत राहिलो. पुढची आठ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, माझा आकडा बरोबर आहे असं मला कुणी म्हटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात शिरड शहापूरच्या बाजारात कानावर आलं, की आमच्या तलावात गाळ काढायला मशिनं लागलीत. गाळ शेतात टाकतात, चांगलं काम आहे. पण सांगणारा पुढं म्हणाला, ‘‘वरच्या अंगाची काटेरी झाडं बी काढून राहिले.’’ मी चप्पल घातली आणि मिळेल त्या गाडीनं निघालो.

पोचलो तेव्हा दुपार टळत होती. आदल्या वर्षी पाऊस चांगला झालेला, त्यामुळं पाणी अजून बनाच्या खालच्या ओळींना टेकून होतं. वरच्या अंगाला मशीन बंद करून उभं केलेलं, आणि ऑपरेटर बाभळीच्या सावलीत मोबाईल बघत बसलेला. त्याच्या पुढ्यात, लांब ओळीच्या पहिल्या झाडाला टेकून रज्जाकभाई. दाढी पूर्ण पांढरी, शेजारी काठी.

‘‘या चाचाला सांगा तुमी,’’ ऑपरेटर मला बघून कुरकुरला. ‘‘सकाळपासून बसून राहिलेत. म्हणतेत झाड दोघांचं हाय, दुसऱ्याची सही आण.’’

‘‘मग आण की,’’ रज्जाकभाई शांतपणे म्हणाले. ‘‘पुण्याला ऱ्हातो खंडू. मी न्हाई म्हणलो का?’’

‘‘अहो, जमीन सरकारची हाय आता!’’

‘‘जमीन सरकारची. मी धुऱ्याचं बोलून राहिलो.’’

त्या पोराला हसावं की रडावं कळेना. त्यानं ठेकेदाराला फोन लावला. पलीकडून काही शिव्या ऐकू आल्या, मग ‘जाऊ दे, झाडं सोडून वरचं उकर’ असं ऐकू आलं. एवढ्यापुरतं मिटलं. पुढल्या साली काय, ते कुणी सांगावं. मशीन सुरू होऊन वर निघून गेलं आणि आम्ही दोघंच उरलो.

मी त्यांच्या शेजारी बसलो. ओळीतल्या बाभळींच्या बुंध्यांकडं बघितलं. प्रत्येक बुंध्याभोवती हातभर जमीन नांगराविना सोडलेली होती. शेजारी नवी रोपं, गुडघाभर, त्यांच्याभोवतीही नांगर वळवून नेलेला. बावीस वर्षं मी हे बन पाळीवरून पाहिलं आणि एका खोट्या आकड्यावर स्वतःला त्याचा राखणदार समजत आलो. हे मला तिथं बसल्यावर दिसलं.

‘‘रज्जाकभाई,’’ मी म्हटलं, ‘‘त्या साली मी वही खोटी लिहिली.’’

‘‘ठावं हाय.’’

‘‘ढोकांच्या पिल्लांसाठी.’’

‘‘ते बी ठावं हाय. मी त्यांच्याखालीच नांगर हाकतो की हो. मला काय ते दिसत न्हवते?’’

‘‘तुमची टरबुजं गेली.’’

‘‘टरबुजं दुसऱ्या साली आली. ढोकांचं खत पडतंय, आमच्या वावरासारखं टरबूज डोंगरकड्याच्या बाजारापस्तोर कुठं न्हाई.’’ त्यांनी काठीनं मातीवर रेघ ओढली, पुसली. ‘‘तकलीफ त्याची न्हाई, मारोतराव. तुमी मला इचारलं न्हाई. रोज तुमच्या हातचा चहा पेत होतो. एक डाव म्हणला असता, रज्जाकभाई, महिनाभर थांबा, तर मी काय न्हाई म्हणलो असतो? काहून इचारलं न्हाई?’’

आठ वर्षं रिकामा ओटा झाडला तो आठवला. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

ऊन उतरत होतं. शेवटची काही पिल्लं अजून वरच्या फांद्यांवर होती, त्यांच्या चोची वाजत होत्या. विहिरीच्या काठाशी पाणी चमकत होतं. रज्जाकभाईंनी घसा खाकरला.

‘‘पट्टी कुठवर आली?’’

माझ्या जागेवर आता माणूस नाही. पाण्यात एक यंत्र बसवलंय, तेच आकडा पाठवतं. पण जुनी पट्टी अजून पायऱ्यांच्या कडेला आहे, रंग उडालेली. मी काठाकाठानं चालत गेलो, गुडघे धरत पायऱ्या उतरलो आणि खाली बसलो. वारा होता. लाटा येऊ दिल्या, जाऊ दिल्या, मधला आकडा पकडला. परत यायला मला बराच वेळ लागला, ते तिथंच होते.

मी आकडा सांगितला. त्यांनी डोळ्यांवर हात धरून विहिरीकडं बघितलं, ओठांत थर मोजले.

‘‘बराबर,’’ ते म्हणाले.